गाणं हिट झालं, पण गाणं कोणाचं होतं?



परवाच्या व्हिडिओत मी बोलता बोलता म्हणालो, "माल खपणं वेगळं आणि पैसा मिळणं वेगळं." त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की सर, नीट उदाहरण देऊन सांगा. तिथे वेळ नव्हता म्हणून आज इथे सविस्तर लिहितोय. उदाहरण किराणा दुकानाचं नाही, वडापावच्या गाडीचंही नाही. इंग्लंडमधल्या एका बँडचं आहे, १९८१ सालचं. बीबीएच्या पुस्तकांत मला हे कधी सापडलं नाही, पण दुकान चालवायला लागल्यापासून या बँडची आठवण मला दर सीझनला येते.

बँडचं नाव सॉफ्ट सेल. गाण्याचं नाव 'टेंटेड लव्ह'. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी गाणं तुम्ही ऐकलेलं असण्याची शक्यता खूप आहे. सुरुवातीलाच कीबोर्डवर 'टिंक-टिंक' असे दोन ठोके पडतात आणि मान आपोआप हलायला लागते. रिहानाचं २००६ मधलं 'एसओएस' ऐकलं असेल तर त्याच्या मागे जे वाजतं, ते हेच.

सॉफ्ट सेल म्हणजे फक्त दोन माणसं. गायक मार्क आमंड आणि सिंथेसायझर वाजवणारा डेव्ह बॉल. दोघांची ओळख लीड्समधल्या पॉलिटेक्निक कॉलेजात झाली. त्या काळात इंग्लंडमध्ये न्यू वेव्ह नावाची लाट आली होती. गिटार, ड्रम, दहा माणसांचा ताफा हे सगळं बाजूला ठेवून एक-दोन पोरं आणि एखादं स्वस्तातलं इलेक्ट्रॉनिक वाद्य, एवढ्यावर बँड उभे राहत होते. आपल्या भाषेत सांगायचं तर कमी भांडवलाचा धंदा. यांची पहिली रेकॉर्ड १९८० साली निघाली ती डेव्ह बॉलच्या आईने दिलेल्या दोन हजार पौंडांच्या उसन्या पैशांतून. प्रती काढल्या दोन हजार. म्हणजे आईकडून पैसे घेऊन पहिला लॉट काढणारे फक्त आपल्याकडेच असतात असं समजू नका!

मग एका रेकॉर्ड कंपनीशी करार झाला. १९८१ मध्ये 'मेमोराबिलिया' नावाचं त्यांचं स्वतःचं गाणं बाजारात आलं. क्लबात लोक त्यावर नाचले, पण विक्रीच्या यादीत ते चढलं नाही. कंपनीने सांगितलं, अजून एक गाणं काढा, तेही नाही चाललं तर संपलं.

आता इथे थांबा आणि स्वतःला त्यांच्या जागी ठेवून बघा. शेवटची संधी आहे. तुम्ही स्वतः काहीतरी नवीन लिहाल, की बाजारात लोकांना आधीच आवडतंय असं काहीतरी उचलाल?

त्यांनी उचललं. आणि माझं स्पष्ट मत आहे की अगदी बरोबर केलं.

'टेंटेड लव्ह' मुळात अमेरिकेतलं गाणं. एड कॉब नावाच्या माणसाने लिहिलेलं आणि ग्लोरिया जोन्स या गायिकेने १९६४ साली गायलेलं. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ते छापलं गेलं आणि अजिबात चाललं नाही. आपल्या भाषेत डेड स्टॉक. पुढे १९७३ मध्ये रिचर्ड सर्लिंग नावाचा एक ब्रिटिश डीजे अमेरिकेत गेला असताना त्याने ही जुनी रेकॉर्ड विकत घेतली आणि इंग्लंडला आणून वाजवली. उत्तर इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या गावांत तेव्हा एक वेगळाच प्रकार चालायचा. अमेरिकेत न चाललेली जुनी सोल गाणी शोधून आणायची आणि त्यावर रात्रभर नाचायचं. त्याला नॉर्दर्न सोल म्हणत. एका बाजारातला पडून राहिलेला माल दुसऱ्या बाजारात सोन्यासारखा विकला गेला. (भिवंडीच्या किंवा उल्हासनगरच्या बाजारात लॉटचा माल उचलणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.)

डेव्ह बॉल ब्लॅकपूलचा, म्हणजे त्याच पट्ट्यातला. ही गाणी तो ऐकत मोठा झाला होता. म्हणजे बघा, "ट्रेंडिंग काय आहे" असं शोधत बसून त्यांनी हे गाणं निवडलं नाही. जे लोक यावर नाचतात त्यांना तो स्वतः ओळखत होता. गिऱ्हाईक माहीत होतं, माल माहीत होता. फक्त पॅकिंग बदललं. वेग कमी केला, सूर आमंडच्या आवाजाला बसेल असा खाली आणला, गिटार, ड्रम आणि ब्रासची वाद्यं काढून टाकली आणि सगळं सिंथेसायझरवर घेतलं. जुलै १९८१ मध्ये रेकॉर्ड आली आणि सप्टेंबरात ब्रिटनमध्ये एक नंबरला. इतर अनेक देशांतही एक नंबर. अमेरिकेत जानेवारी १९८२ मध्ये बिलबोर्डच्या शंभर गाण्यांच्या यादीत ते शेवटून कुठेतरी शिरलं, हळूहळू आठव्या नंबरपर्यंत चढलं आणि एकूण ४३ आठवडे त्या यादीत टिकलं. तोपर्यंत तितके आठवडे कोणतंच गाणं टिकलं नव्हतं. तो त्या वेळचा विक्रम.

इथपर्यंतची गोष्ट सगळे मोटिव्हेशनल स्पीकर सांगतात. टाळ्या, संगीत, "हार मानू नका". पुढचं कोणी सांगत नाही, कारण पुढे हिशोब आहे.

पैसे कुठे गेले?

गाण्याच्या धंद्यात मालकी दोन ठिकाणी असते. एक असतं गाणं, म्हणजे शब्द आणि चाल. ते लिहिणाऱ्याचं. दुसरं असतं रेकॉर्डिंग, म्हणजे त्या दिवशी स्टुडिओत जे ध्वनिमुद्रित झालं ते. ते बहुतेक वेळा कंपनीचं, आणि गायक-वादकाला त्यातून करारात ठरलेला हिस्सा मिळतो, तोही कंपनीने आधी दिलेला अ‍ॅडव्हान्स फिटल्यावर. प्रत्येक रेकॉर्ड विकली की लिहिणाऱ्याचे पैसे वेगळे निघतात. त्याला कुठे गायला जायचं नाही, प्रवास करायचा नाही, स्टेजवर उभं राहायचं नाही. शेतात झाड लावलंय, आंबे येतायत, असा हा प्रकार.

आता 'टेंटेड लव्ह' लिहिलं कोणी? एड कॉबने. म्हणजे जगभरात जितक्या रेकॉर्ड विकल्या, त्यातला लिहिणाऱ्याचा हिस्सा त्याचा. १७ वर्षांपूर्वी पडलेलं गाणं, आणि ते दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या पिढीच्या दोन पोरांनी उचलून एक नंबरला नेलं. एड कॉबने त्यासाठी काहीही केलं नाही. काही करायची गरजच नव्हती, गाणं त्याचं होतं.

अजून एक गोष्ट ऐका. अमेरिकेत साध्या रेडिओ स्टेशनवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला. गाणाऱ्याला मिळत नाहीत. तिथला कायदाच तसा आहे, आजही. ४३ आठवडे जे गाणं अमेरिकेत चालू होतं, ते तिथल्या रेडिओवर किती वेळा वाजलं असेल याचा अंदाज करा. आवाज मार्क आमंडचा, टिंक-टिंक डेव्ह बॉलची, आणि तिथल्या रेडिओचा पैसा एड कॉबकडे.

मला यात अन्याय दिसत नाही, हेही सांगून टाकतो. कॉबने लिहिलं, त्याला मिळालं. सॉफ्ट सेलने रीतसर त्याचं नाव टाकलं, त्याचा हिस्सा गेला. आपल्याकडे जो 'फर्स्ट कॉपी'चा धंदा चालतो, बूट, घड्याळं, परफ्यूम, त्याच्याशी याची गल्लत करू नका. दुसऱ्याचं गाणं त्याच्या नावासकट आणि त्याच्या पैशासकट गाणं, याला कव्हर म्हणतात. दुसऱ्याचा शिक्का मारून माल विकणं याला काय म्हणतात ते पोलीस स्टेशनात कळतं.

पण खरा मुद्दा अजून यायचाय. माझ्या मते या अख्ख्या गोष्टीत धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची जागा हीच आहे.

मागची बाजू

तुमच्यापैकी जे पंचविशीच्या आतले आहेत त्यांनी रेकॉर्ड बघितलीही नसेल, म्हणून सांगतो. त्या वेळी हिट गाणं सात इंची तबकडीवर विकलं जायचं. पुढच्या बाजूला जे गाणं गाजवायचंय ते. मागच्या बाजूला अजून एक गाणं, कारण बाजू कोरी थोडीच सोडणार? ते मागचं गाणं कोणी फारसं ऐकायचं नाही. पण रेकॉर्ड विकली की लिहिणाऱ्याचा पैसा दोन्ही बाजूंवर निघायचा, आणि सारखाच निघायचा! पुढचं गाणं लाखोंना आवडलं आणि मागचं एकालाही आवडलं नाही, तरी दोघांचे लेखक सारखे पैसे घेऊन घरी जायचे.

समजा एका रेकॉर्डमागे लिहिणाऱ्यांसाठी दोन रुपये निघतायत. (आकडा समजण्यापुरता धरलाय.) एक रुपया पुढच्या बाजूचा, तो एड कॉबचा. तो जाणारच होता. दुसरा रुपया मागच्या बाजूचा. तिथे सॉफ्ट सेलने स्वतःचं कुठलंही गाणं टाकलं असतं, अगदी घाईत केलेलं, तरी तो रुपया प्रत्येक प्रतीमागे त्यांच्या खिशात आला असता.

मागच्या बाजूला त्यांनी काय टाकलं? 'व्हेअर डिड अवर लव्ह गो'. सुप्रीम्स या अमेरिकन गायिकांचं १९६४ चं गाणं, लिहिलेलं हॉलंड, डोझियर आणि हॉलंड या त्रिकुटाने. म्हणजे मागची बाजूही दुसऱ्याची! दुसरा रुपयाही अमेरिकेला.

पुढे या गोष्टीची हळहळ त्यांनी बोलून दाखवली आहे, आणि संगीताच्या धंद्यात हे उदाहरण आजही सांगितलं जातं.

आता न्यायाने बोलायचं तर त्यांची बाजूही आहे. मोठ्या बारा इंची रेकॉर्डवर ही दोन्ही गाणी एकमेकांत गुंफलेली आहेत. पहिलं संपता संपता दुसरं सुरू होतं, आणि क्लबात नाचणाऱ्यांना ते खूप आवडलं. कलाकार म्हणून त्यांचा विचार चुकीचा नव्हता, कानाला तर ते अजूनही झकास लागतं. आणि करार जवळजवळ संपलेला असताना मागच्या बाजूच्या पैशाचा विचार कोणाला सुचतो? मला हे सगळं पटतं. तरी माझं मत बदलत नाही. बारा इंचीवर जोडगाणं ठेवा की! सात इंचीच्या मागे स्वतःचं टाका. क्लबवाल्यांचा आनंद आणि तुमचा रुपया, दोन्ही जागच्या जागी.

"सर, त्यांच्याकडे स्वतःचं काही तयारच नसेल तर?" होतं ना. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचं स्वतःचं 'बेडसिटर' हे गाणं आलं आणि ब्रिटनमध्ये चौथ्या नंबरला गेलं. १९८२ मध्ये 'से हॅलो, वेव्ह गुडबाय' तिसऱ्या नंबरला, 'टॉर्च' दुसऱ्या नंबरला. सगळी त्यांची स्वतःची. म्हणजे लिहिण्याची ताकद पुरेपूर होती. आणि बघा, ऑगस्ट १९८२ मध्ये त्यांनी पुन्हा एक जुनं नॉर्दर्न सोल गाणं घेतलं, 'व्हॉट!' नावाचं. तेही तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं. या वेळी मात्र मागच्या बाजूला त्यांचं स्वतःचं होतं.

आता तुमच्याकडे येऊ

माझ्या बॅचला येणाऱ्यांत दोन टोकं असतात. एक टोक म्हणतं, मला काहीतरी एकदम नवीन, कोणीच केलं नसेल असं करायचंय. त्यासाठी दोन-दोन वर्षं विचार चालू असतो आणि तोपर्यंत घरचे नोकरी शोध म्हणून मागे लागलेले असतात. यांना मी म्हणतो, बाबा, आधी कव्हर गा. चालणारा माल घे, एजन्सी घे, डीलरशिप घे, लोक जे मागतायत ते दे. दार उघडण्यासाठी दुसऱ्याचं गाणं वापरायला लाजायचं काय कारण? एक नंबरला गेलेल्यांनीही तेच केलं.

दुसरं टोक जास्त मोठं आहे, आणि मला खरी काळजी यांची वाटते. यांचं सगळंच दुसऱ्याचं असतं. पुढची बाजू दुसऱ्याची, मागची बाजूही दुसऱ्याची. चहाची फ्रँचायझी घेतली. नाव कंपनीचं, मसाला कंपनीचा, कपसुद्धा कंपनीचे, अ‍ॅपवर ऑर्डर देणाऱ्या गिऱ्हाइकाचा नंबरही कंपनीकडे. याचं काय? जागेचं भाडं आणि पहाटे पाचला उठणं. माझ्या ओळखीच्या एका मुलाने असं तीन वर्षं केलं. धंदा चांगला चालायचा, गर्दी असायची. करार संपला तेव्हा कंपनीने रक्कम वाढवून मागितली, याला ती परवडेना, आणि बोर्ड उतरवला. त्या दिवशी त्याच्या हातात काय उरलं? गॅसची शेगडी आणि चार पातेली. तीन वर्षं रोज येणाऱ्या माणसांपैकी दहा जणांचेही फोन नंबर त्याच्याकडे नव्हते.

ऑनलाइन रिसेलिंगवाल्यांचं याहून नाजूक. माल सुरतचा, फोटो सुरतवाल्याचे, गिऱ्हाईक प्लॅटफॉर्मचं. महिन्याला दोनशे ऑर्डर गेल्या म्हणून स्टेटस ठेवतात. छान आहे, अभिनंदन! पण त्या दोनशेंपैकी किती जणांना तुमचं नाव माहीत आहे?

मी हे धंदे करू नका म्हणत नाहीये. मी स्वतः काय करतो ते सांगतो. माझं स्टेशनरीचं दुकान आहे. मोठ्या कंपन्यांच्या वह्या, पेनं मी विकतो आणि विकत राहणार, कारण जूनमध्ये पालक नाव घेऊनच मागतात. पण त्यात राहतं किती? मोठ्या मार्टवाल्याने स्कीम लावली की मला एमआरपीवर सूट द्यावी लागते, आणि कधी कधी एका वहीमागे तीन-चार रुपयेसुद्धा सुटत नाहीत. ती माझी पुढची बाजू. गर्दी ती आणते.

दुकानाच्या वरच्या गल्लीत दोन अभ्यासिका आहेत, स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे बसतात. त्यांना मुख्य परीक्षेच्या उत्तरांचा सराव करायला दोन्ही बाजूंना समास सोडलेले, ओळी मोजून आखलेले सुटे कागद लागतात. बाजारातल्या वहीत तशी आखणी मिळत नव्हती. मी गावातल्याच प्रेसवाल्याकडून शंभर पानांचं पॅड बांधून घेतलं, वर दुकानाचं नाव. शोध वगैरे काही नाही, कागदावर रेघा आहेत. पण ते पॅड माझं आहे. त्याची एमआरपी मी ठरवतो, मार्टमध्ये ते मिळत नाही आणि त्याच्यावर सूट मागायला कोणी येत नाही. विक्रीच्या आकड्यात ते कुठेतरी खाली दिसेल. महिन्याच्या शेवटी नफ्याच्या आकड्यात ते वर असतं. पेन घ्यायला आलेला मुलगा पॅड घेऊन जातो, म्हणजे माझ्या पॅडला गिऱ्हाईक आणून दिलं पेनच्या कंपनीने!

बॅचमधल्या एक ताई आहेत. त्या एका नावाजलेल्या मसाल्याची एजन्सी घेऊन पंचवीसेक दुकानांत माल टाकतात. स्कूटरवर रोज फिरावं लागतंच. त्यांना मी विचारलं, ताई, त्याच पिशवीत तुमचा स्वतःचा काळा मसाला का नाही? पेट्रोल तर जाळतायच. आज त्या कंपनीच्या दहा पाकिटांमागे त्यांची स्वतःची दोन जातात. दोनच. पण कंपनीने उद्या एजन्सी दुसऱ्याला दिली तर ती दोन पाकिटं त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. (एजन्सीच्या करारात याला हरकत आहे का ते आधी बघून घ्या बरं का. त्यांच्या करारात नव्हती, तुमच्यात असू शकते.)

आपल्याकडचं मोठं उदाहरण हवं असेल तर टी-सीरिजचं घ्या. गुलशन कुमार दिल्लीच्या दर्यागंजमध्ये घरच्या ज्यूसच्या दुकानात बसणारा माणूस. ऐंशीच्या दशकात त्यांनी जुन्या हिंदी गाण्यांच्या कॅसेट नव्या आवाजांत काढून स्वस्तात विकल्या. कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार घेऊन हे सगळं चाललं. त्यावरून वाद झाले, टीकाही खूप झाली, तो विषय वेगळा. मला सांगायचंय ते पुढचं. कव्हरच्या पैशावर ते थांबले नाहीत. नव्या सिनेमांची गाणी विकत घ्यायला लागले, म्हणजे मूळ माल स्वतःकडे. १९९० चा 'आशिकी' आठवा. आज टी-सीरिजचं यूट्यूब चॅनेल जगातल्या सर्वांत मोठ्या चॅनेलपैकी एक आहे, आणि त्याच्या मुळाशी गाण्यांची मालकी आहे.

सॉफ्ट सेलचं पुढे काय झालं, हे विचाराल तर १९८४ मध्ये ते वेगळे झाले. नंतर पुन्हा एकत्र आले, २०१८ मध्ये लंडनच्या ओटू अरेनासारख्या भल्यामोठ्या हॉलमध्ये त्यांनी कार्यक्रम केला. म्हणजे 'टेंटेड लव्ह'ने त्यांना काही दिलंच नाही असं म्हणणं खोटं होईल. नाव दिलं, आयुष्यभर पुरेल इतकी ओळख दिली, तिकीट काढून येणारी माणसं दिली. पण ते पैसे स्टेजवर उभं राहिलं तरच मिळतात. दुकान उघडलं तरच गल्ला, तसं.

आणि आता ही दोन गाणी शेजारी ठेवून बघा.

पहिलं, रिहानाचं 'एसओएस'. २००६ मध्ये अमेरिकेत एक नंबर. ज्या वाजवण्यावर ते उभं आहे ते सॉफ्ट सेलच्या रेकॉर्डमधलं. लेखकांच्या यादीत नाव कोणाचं? एड कॉबचं. तो १९९९ मध्येच वारला होता. माणूस गेल्यानंतर सात वर्षांनी त्याच्या नावावर एक नंबरचं गाणं! आमंड आणि बॉल यांची नावं त्या यादीत नाहीत.

दुसरं, डेव्हिड ग्रे नावाच्या गायकाचा १९९८ चा 'व्हाइट लॅडर' हा अल्बम. त्याने तो घरीच रेकॉर्ड केला होता. सुरुवातीला फारसा कोणी विचारला नाही, पुढे तो लाखोंनी विकला गेला आणि २००१ मध्ये ब्रिटनमध्ये एक नंबरला पोहोचला. त्या अल्बमचं शेवटचं, जवळजवळ नऊ मिनिटांचं गाणं आहे 'से हॅलो, वेव्ह गुडबाय'. सॉफ्ट सेलचं. आमंड आणि बॉल यांनी स्वतः लिहिलेलं. इथे गाणारा दुसरा, स्टेजवर दुसरा, राबणारा दुसरा, आणि प्रत्येक विकल्या गेलेल्या प्रतीतून त्या गाण्याचा लिहिणाऱ्याचा हिस्सा या दोघांकडे. १९८१ मध्ये ते ज्या जागी होते तिथे आता डेव्हिड ग्रे होता, आणि एड कॉबच्या जागी ते स्वतः.

तर या आठवड्यात एवढं करा. तुमच्या दुकानात, गाडीवर किंवा अ‍ॅपवर जे काही विकता त्याची एका कागदावर यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा, हे कोणाचं? नाव कोणाचं, रेसिपी कोणाची, गिऱ्हाइकाचा नंबर कोणाकडे, भाव कोण ठरवतो. सगळीकडे दुसऱ्याचंच नाव आलं तर घाबरून धंदा बंद करू नका, चालणारा माल चालू ठेवा. त्याच पिशवीत, त्याच काउंटरवर, त्याच पार्सलमध्ये जाईल अशी एक वस्तू शोधा जी तुमची असेल. लहान असू दे. काहीच नसेल तर वहीत गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर लिहायला सुरुवात करा, त्यांना विचारून. तीही तुमचीच मालमत्ता आहे.

आणि ती वस्तू स्वतःच्या नावाने विकणार असाल तर नावाची नोंदणी करून घ्या. एका व्यक्तीने किंवा लघुउद्योगाने ऑनलाइन ट्रेडमार्कचा अर्ज केला तर एका क्लाससाठी सरकारी फी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षांसाठी असते, नंतर वाढवता येते. एजंट वेगळे पैसे मागतात ते सोडा. फॉर्ममध्ये कोणता क्लास निवडायचा यात लोक अडकतात, मसाला कुठे, वही कुठे, चहाची टपरी कुठे. पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर फॉर्म उघडूनच दाखवतो. येताना तुमच्या वस्तूचं नाव ठरवून या.